मेक्सिको सिटीच्या ‘पुजोल’मधील जेवण : शाकाहारी पत्नी, एकच बैठक आणि खिशाचा प्रश्न

दादरकर६१ :

नमस्कार. नोव्हेंबरमध्ये आम्ही उभयता मुलाकडे ह्यूस्टनला जाणार असून तिथून पाच दिवसांसाठी मेक्सिको सिटीला जाण्याचे ठरले आहे. त्याच आठवड्यात आमच्या लग्नाला ३५ वर्षे पूर्ण होतात, म्हणून मुलाने आम्हाला न विचारता तेथील ‘पुजोल’ या नामांकित रेस्तराँमध्ये रात्रीचे टेबल राखून ठेवले आणि मग फोन करून सांगितले. त्याचा हेतू चांगला आहे याबद्दल वाद नाही. परंतु जेवणाच्या दराचे रुपयांत रूपांतर केल्यापासून घरात थोडी शांतता पसरली आहे. दोघांच्या जेवणाचा अंदाजे आकडा आमच्या दोन महिन्यांच्या वाणसामानापेक्षा जास्त भरतो.

पत्नी अंडे खाते, मांस-मासे खात नाही. मी मासे आवडीने खातो, कोंबडी चालते, गोमांस व डुकराचे मांस खात नाही. मेक्सिकन जेवणाचा आमचा अनुभव मॉलमधल्या नाचोजपुरता आणि एकदा उडपी हॉटेलात मागवलेल्या ‘मेक्सिकन डोशा’पुरता आहे. त्या डोशात चीज, ढोबळी मिरची आणि मक्याचे दाणे होते. त्यात मेक्सिकोचे नेमके काय होते, ते मला आजतागायत उमगलेले नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी भाच्याने आम्हाला दक्षिण मुंबईतल्या एका महागड्या ठिकाणी असेच अनेक पदार्थांचे ठरलेले जेवण दिले होते. परातीएवढ्या बशीत सुपारीएवढा घास येई, तो गार होईपर्यंत वाढणारा मुलगा त्याची कुळकथा सांगे, आणि साडेअकराला घरी परतल्यावर पत्नीने मुकाट्याने पिठले टाकले. मेक्सिकोतही तसेच होणार असेल, तर हॉटेलच्या खोलीत पिठले टाकण्याची सोय नसेल. तेव्हा मुलाचे मन न दुखावता टेबल रद्द करावे, की जाऊन यावे? जे स्वतः जाऊन आले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पार्लेकरीण :

दादरकर, तुम्हा दोघांचे आगाऊ अभिनंदन. टेबल रद्द करू नका, हे आधी सांगते आणि मग कारणे देते. आम्ही २०२३ च्या जानेवारीत तिथे जेवलो. मी तुमच्या पत्नीप्रमाणेच अंडे खाणारी शाकाहारी आहे आणि आमचे हे सर्व काही खातात, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंची माहिती माझ्याकडे आहे.

‘पुजोल’ एन्रिके ओल्वेरा यांनी २००० साली पोलांको भागात सुरू केले, तेव्हा ते तरुण होते आणि अमेरिकेतील पाकशाळेतून शिकून परतले होते. २०१७ मध्ये ते त्याच भागातील टेनिसन रस्त्यावरच्या बंगलेवजा जागेत गेले. आत जाताना दडपण येईल असे काही नाही. इस्त्रीचा सदरा आणि साधी चांगली साडी पुरे. तिथे बसण्याचे दोन प्रकार आहेत. एक नेहमीचे टेबल, जिथे ठरलेल्या क्रमाने पदार्थ येतात. दुसरा टाकोचा, म्हणजे मक्याच्या लहान पोळीत सारण घालून केलेल्या पदार्थाचा बार, जिथे स्वयंपाकी पुढ्यात करून देईल ते खायचे असते. मुलाने यांपैकी काय घेतले आहे ते आधी पाहून घ्या. बारवर आवडीनिवडीला वाव कमी असतो, म्हणून शाकाहारी माणसाने टेबलच घ्यावे असे मला वाटते.

आता मुख्य मुद्दा. आहाराविषयीची अट टेबल राखतानाच लिहून कळवायची असते, जागेवर जाऊन सांगायची नसते. त्यातही ‘व्हेजिटेरियन’ एवढाच शब्द लिहून थांबू नका. मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, मांसाचे सूप, डुकराची चरबी आणि कीटक चालत नाहीत, असे एकेक नाव घेऊन लिहा. कीटक हा शब्द मी चुकून लिहिलेला नाही. तिथला सर्वांत गाजलेला पदार्थ म्हणजे कोवळी कणसे. एक मोठा वाळका भोपळा पुढ्यात ठेवतात, झाकण काढले की मक्याच्या सालींचा धूर वर येतो आणि आत काड्यांना टोचलेली करंगळीएवढी कणसे असतात. त्यांना लावलेल्या मेयोनीजमध्ये कॉफी, मिरची आणि ‘चिकाताना’ नावाच्या मुंग्यांची पूड असते. या पंखवाल्या मोठ्या मुंग्या ओआहाका प्रांतात पहिल्या पावसानंतर वारुळातून बाहेर पडतात, तेव्हाच त्या गोळा करतात. आपल्याकडे मृगाच्या सरीनंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात, ते दृश्य डोळ्यांसमोर आणा. मी आधी लिहून कळवले होते, म्हणून माझी कणसे मुंग्यांविना आली. यांनी त्यांची खाल्ली आणि पुन्हा मागता येतील का, असे विचारून मला संकोचात टाकले.

हा पदार्थ पाहून मला जुहूच्या वाळूवर निखाऱ्यांवर भाजलेले, लिंबू-मीठ-तिखट चोळलेले कणीस आठवले, आणि तो संबंध ओढूनताणून लावलेला नाही. मेक्सिकोत रस्त्यावर कणसाला मेयोनीज, किसलेले चीज, तिखट आणि लिंबू लावून विकतात. ओल्वेरांनी तेच फेरीवाल्याचे कणीस उचलून भोपळ्यात ठेवले आहे. कणीस ज्यांच्या तोंडात लहानपणापासून आहे त्यांना हा विनोद कळतो. मला वाटते, युरोपातून आलेल्या पाहुण्यापेक्षा आपल्याला तो लवकर कळतो.

दुसरा प्रसिद्ध पदार्थ ‘मोले माद्रे’. पांढऱ्या बशीत गडद, जवळजवळ काळ्या रश्शाचे एक वर्तुळ असते आणि त्याच्या मध्यभागी विटकरी रंगाच्या ताज्या रश्शाचे लहान वर्तुळ. भोवतीचा जुना रस्सा रोज गरम करून, त्यात नवी भर घालून दोन हजारांहून कितीतरी अधिक दिवस चालत आलेला आहे. त्या बशीत ना भाजी असते, ना मांस. सोबत गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या येतात, त्यांचे तुकडे मोडून आधी मधला, मग बाहेरचा आणि मग दोन्ही एकत्र पुसून खायचे. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ पुढचा पदार्थ कधी येतो याची वाट पाहत राहिले, कारण त्यांना ती केवळ चटणी वाटली. चटणी-पोळी हे पूर्ण जेवण असू शकते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही बशी समजावून सांगावी लागत नाही. मोलेमध्ये कोंबडीचे सूप किंवा चरबी असण्याची शक्यता नेहमीच असते, म्हणून पत्नीच्या बशीविषयी त्या दिवशी पुन्हा एकदा विचारून घ्या.

भुकेबद्दल म्हणाल तर पिठले टाकावे लागणार नाही. तोर्तिया मागाल तितक्या मिळतात आणि मक्याची भूक मक्याने भागते.

फिरस्ता_मुलुंड :

मी ‘पुजोल’ला गेलेलो नाही, त्यामुळे दादरकरांच्या अटीत बसत नाही, तरीही मेक्सिको सिटीत तीन आठवडे राहिलेलो असल्याने विरोधी मत नोंदवतो. उत्तम रेस्तराँना तारे देणारी मिशेलिन मार्गदर्शिका मेक्सिकोत प्रथम २०२४ साली आली. तिने ‘पुजोल’ आणि ‘किंतोनिल’ या दोघांना प्रत्येकी दोन तारे दिले, आणि त्याच यादीत सान राफाएल वस्तीतल्या ‘एल कालिफा दे लेओन’ या टाकोच्या गाळ्यालाही एक तारा दिला. हा गाळा १९६८ पासून चालू आहे, आत बसायला जागा नाही, तव्यासमोर उभे राहून खायचे आणि बाजूला व्हायचे. तिथे गोमांस आणि डुकराचे मांस असते, म्हणून तुम्हाला तो उपयोगाचा नाही. परंतु त्या शहरात चांगले खाणे टेबलक्लॉथवर अवलंबून नाही, एवढे त्यावरून कळावे.

तुम्ही मासे खाता, तर रोमा भागातील ‘कोंत्रामार’ला दुपारी जा. गाब्रिएला कामारा यांनी ते १९९८ मध्ये सुरू केले. तिथे अख्खा मासा उभा चिरून, पुस्तकासारखा उघडून भाजतात. एका बाजूला लाल मिरचीचे वाटण आणि दुसऱ्या बाजूला पार्स्लीचे हिरवे. आपल्याकडे पापलेट हिरव्या वाटणात करायचे की लाल, यावरून घराघरांत पक्ष पडतात. तिथे दोन्ही पक्ष एकाच माशावर नांदतात.

आणि वहिनींसाठी रस्त्यावरचे ‘त्लाकोयो’ शोधा. निळ्या मक्याच्या पिठाच्या लांबट भाकरीत वाटलेल्या शेंगदाण्यांसारखे दिसणारे घेवड्याचे किंवा ताज्या चीजचे सारण भरून ती तव्यावर शेकतात आणि वर निवडुंगाच्या चिरलेल्या फड्यांची भाजी घालतात. निवडुंग म्हटल्यावर दचकू नये. काटे काढलेले असतात आणि चव भेंडीच्या जवळची, थोडी आंबूस असते. हे करणाऱ्या बायका मंडईच्या तोंडाशी टोपली घेऊन बसलेल्या दिसतात. तुमच्या मुलाने राखलेल्या एका टेबलाच्या पैशात असे महिनाभर खाता येईल. एक सूचना मात्र देतो : मेक्सिको सिटीत ‘केसादिया’, म्हणजे सारण भरून दुमडलेली तोर्तिया, मागितल्यावर त्यात चीज असेलच असे नाही, ते ‘कोन केसो’ असे म्हणून वेगळे सांगावे लागते. शेजारच्या प्रांतांतले लोक यावरून राजधानीवाल्यांची यथेच्छ टिंगल करतात.

पार्लेकरीण :

फिरस्ता, तुमच्या त्लाकोयोशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु शाकाहारी माणसासाठी रस्ता हे सोपे उत्तर नाही. आमच्या दुसऱ्याच दिवशी एका लहानशा खाणावळीत मी ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, असे तीनदा सांगून घेवड्याची उसळ मागवली. अर्धी वाटी संपल्यावर तिचा स्निग्धपणा नेहमीचा वाटेना, म्हणून विचारले, तर मालकीणबाईंनी अभिमानाने सांगितले की उसळ चांगल्या डुकराच्या चरबीत परतलेली आहे. त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांच्या लेखी ‘कार्ने’ म्हणजे मांसाचा तुकडा, चरबी म्हणजे तेलतूप. बऱ्याच ठिकाणी ‘सिन कार्ने’ म्हटल्यावर कोंबडी येते, कारण कार्ने म्हणजे प्रामुख्याने गोमांस असे धरले जाते. दादरकर, वहिनींसाठी हे वाक्य कागदावर लिहून खिशात ठेवा : ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मांतेका, सिन काल्दो दे पोयो.’ शेवटचे दोन म्हणजे चरबी आणि कोंबडीचे सूप, आणि खरी गोम त्यांतच असते. मोठ्या रेस्तराँचे पैसे मी काही अंशी याच निश्चिंतीसाठी मोजले, कारण तिथे लिहून दिलेली अट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते.

लालबागचा_बल्लव :

मी मुंबईतल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षे काम करतो आणि मेक्सिकन पदार्थ तेथील पाहुण्या स्वयंपाक्यांकडून थोडेफार शिकलो आहे. चर्चा पैशांवरून फिरते आहे, म्हणून ते पैसे कशात जातात ते सांगतो.

तोर्तिया ही मक्याची भाकरी नव्हे. आपण मका दळतो, पीठ भिजवतो आणि थापतो. तिथे वाळलेला टणक मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर त्याच पाण्यात मुरवतात, सकाळी चोळून सालपट धुऊन टाकतात आणि मग ओला मका दगडी जात्यात वाटतात. या क्रियेला ‘निश्तामाल’ करणे म्हणतात आणि ती हजारो वर्षे जुनी आहे. चुन्यामुळे दाण्याचे साल सुटते, वाटलेला गोळा चिकट होऊन थापता येतो, त्याला तो ओळखीचा ओलसर मातीसारखा वास येतो आणि मक्यातले नायसिन शरीराला मिळू शकेल अशा रूपात येते. युरोपने मका नेला, पण चुना नेला नाही. म्हणून जिथे गरीब माणूस निव्वळ मक्यावर जगू लागला तिथे पेलाग्रा हा रोग पसरला. मेक्सिकोत स्थानिक मक्याच्या साठच्या आसपास जाती आहेत. पांढरा, पिवळा, निळा, लाल. प्रत्येकाला चुना आणि वेळ वेगवेगळी लागते. ‘पुजोल’सारखी ठिकाणे ठरावीक गावांतून ठरावीक जातीचा मका आणून रोज हा खटाटोप करतात. बहुतेकांच्या लेखी तोर्तिया ही बाजूला ठेवलेली पोळी असते. माझ्या मते तुम्ही मुख्यतः तिचेच पैसे देता.

आता मोले. मूळ नाहुआ भाषेत ‘मोल्ली’ म्हणजे रस्सा. पाट्यासारख्या ‘मेताते’वर वाटलेले हे वाटण आहे आणि लालबागच्या माणसाला त्याची रीत सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत डंक चालू झाले की मिरचीचा ठसका चार इमारती ओलांडून जातो. मोलेची सुरुवातही अशीच, कोरड्या मिरच्या भाजण्यापासून होते. ग्वाहियो नावाची मिरची आपल्या ब्याडगीसारखी रंगाला भारी आणि तिखटाला हलकी, आंचो जाड सालीची आणि मनुक्यासारखी गोडसर, पासिया काळपट. प्रत्येक वेगळी भाजायची, एकही करपू द्यायची नाही आणि काही प्रकारांत मुद्दाम करपवायची. मग तीळ, शेंगदाणे, बदाम, मनुका, तळलेली तोर्तिया, लवंग, दालचिनी आणि काही मोलेंत कोको. लवंग-दालचिनी तिकडे पूर्वेकडून गेल्या, १५६५ पासून अडीचशे वर्षे मनिला ते आकापुल्को जहाजे चालत होती. आणि मिरची तिकडून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. म्हणजे आपल्या मालवणी मसाल्यातला निम्मा जीव त्यांचा आहे. मोलेच्या बशीसमोर बसताना पाहुण्यासारखे बसू नका, सोयऱ्यासारखे बसा.

अशीच आणखी नाती आहेत आणि ती माहीत असली तर जेवणाची गंमत वाढते. ‘किंतोनिल’चे नाव ज्या पालेभाजीवरून पडले ती आपल्या माठाची बहीण आहे, तिच्याच कुळातल्या बियांचे तिथले लाडू-वड्या म्हणजे आपल्या उपासाची राजगिऱ्याची चिक्की, आणि तिचे तिथले नाव ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. लाल रंगाचे ‘आग्वा दे हमाइका’ हे सरबत अंबाडीच्या लाल बोंडांचे असते. चिकू हा शब्दच तिथल्या ‘चिकोसापोते’वरून आला आहे; डहाणू-घोलवडच्या बागायतदारांना सांगितले तर ते हसतील. आणि ‘हुइत्लाकोचे’ नावाचा काळा, महाग पदार्थ म्हणजे कणसावर पडणारी काणी, जी दिसली की आपला शेतकरी कणीस उपटून जाळतो. ती पूर्ण शाकाहारी आहे. वहिनींनी अळंब्यांची भाजी खाल्ली असेल, तर ही निर्धास्त खावी.

गिरगावकर :

एक व्यावहारिक मुद्दा कोणीच मांडलेला नाही. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा सुमारे सहाशे मीटर वर. पहिले दोन दिवस जिना चढताना धाप लागते, आणि रात्री उशिरा तिखट व जड जेवण झाले तर झोप येत नाही. वर मेस्काल ही तिथली कडक दारू घेतली तर विचारायलाच नको. तेथील लोकांचे मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होते. शक्य असेल तर टेबल रात्रीऐवजी दुपारचे करून घ्या आणि पोहोचल्याच्या दिवशी ठेवू नका. बिलाबद्दल सांगायचे तर सोळा टक्के कर पदार्थाच्या किमतीतच धरलेला असतो, बक्षिसी मात्र वेगळी, साधारण दहा ते पंधरा टक्के द्यावी लागते. बिल मागितल्याशिवाय आणून ठेवत नाहीत, ते असभ्य समजतात. तेव्हा तासभर वाट पाहून रागावू नका, ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हणा.

दादरकर६१ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गिरगावकरांच्या सूचनेप्रमाणे मुलाला सांगून टेबल चौथ्या दिवशी दुपारी दोनचे करून घेतले आहे. पार्लेकरीणताईंनी दिलेले वाक्य पत्नीने तीनदा लिहून काढले आणि एक प्रत माझ्या पाकिटात ठेवली, कारण तिच्या मते मी पर्स सांभाळू शकतो पण निरोप सांभाळू शकत नाही. मुंग्यांविषयी घरात मतदान झाले; मी एकमताने पराभूत झालो असलो तरी खाणार आहे. परत आल्यावर लिहीन.

दादरकर६१ :

परत येऊन पंधरा दिवस झाले, लिहायला उशीर झाला याबद्दल क्षमस्व.

पहिल्या दिवशी आम्ही काहीच केले नाही. दुसऱ्या दिवशी कोंत्रामारला मी दोन रंगांचा मासा खाल्ला. लाल बाजू आधी संपली, हे आमच्या घराण्याच्या परंपरेला धरूनच झाले. पत्नीला त्लाकोयो मिळाले. करणाऱ्या बाई जमिनीवर बसून दोन्ही तळव्यांमध्ये पिठाचा गोळा लांबट थापत होत्या आणि प्रत्येक थापेसरशी हातातल्या बांगड्या वाजत होत्या. पत्नी त्यांच्यासमोर दहा मिनिटे उभी राहून पाहत राहिली. शेवटी बाईंनी एक गोळा तिच्या हातावर ठेवला. तिने भाकरीच्या सवयीने तो गोल थापला, तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या बायका हसल्या आणि बाईंनी तो परत घेऊन लांब केला.

‘पुजोल’विषयी. खर्चाबाबतचे माझे मत बदलले आहे असे म्हणणार नाही. रक्कम जास्त आहे आणि मी ती स्वतःच्या खिशातून दिली नसती. परंतु जेवण मात्र आधीच्या त्या सुपारीएवढ्या घासांसारखे नव्हते. भोपळ्याचे झाकण उघडल्यावर जो धुराचा वास आला, तो मला थेट चौपाटीवर घेऊन गेला. मुंग्यांची चव वेगळी म्हणून जाणवलीच नाही. भाजलेल्या कॉफीच्या आणि करपलेल्या तिळाच्या मधली काहीतरी खमंग चव मागे रेंगाळत राहिली. पत्नीचे कणीस वेगळ्या काडीवर आले, वाढणाऱ्या तरुणाने न विचारता ते पहिल्यांदा सांगितले, आणि मोलेच्या वेळीही त्याने तिच्या बशीविषयीची खात्री करून दिली.

मोले आल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मधला विटकरी रस्सा तिने बोटाने चाखला. तो आंबट-तिखट, ताजा होता. मग बाहेरचा काळा. पहिल्यांदा गोड, मग धुरकट, मग तिखट, आणि शेवटी कशाची चव आहे हे सांगता येत नाही अशी एक खोल कडवट छटा. तिने तोर्तियाचा तुकडा दोन्हींतून फिरवला आणि म्हणाली, “होळीच्या दुसऱ्या दिवशीची कटाची आमटी आहे ही. फक्त यांनी तिसऱ्या दिवशीही संपवली नाही.” मी ते वाढणाऱ्या तरुणाला इंग्रजीत सांगण्याचा प्रयत्न केला, पण होळी, पुरण आणि कट यांत अडकलो, तो मात्र मान डोलावत ऐकत राहिला आणि जाताना आणखी तोर्तिया ठेवून गेला. त्या आम्ही दोघांनी बशी स्वच्छ होईपर्यंत खाल्ल्या. निघताना शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी दांपत्याने आम्हाला ‘प्रोवेचो’ म्हटले. जेवणाऱ्याला असे म्हणण्याची तिथे रीत आहे हे नंतर कळले, त्या वेळी आम्ही केवळ नमस्कार केला.

आता माझ्यापुढे नवी अडचण आहे आणि ती बल्लव यांच्यासाठी आहे. पत्नीने घरी निश्तामाल करण्याचा निश्चय केला आहे. मागच्या रविवारी दादरच्या मंडईतून आणलेली कणसे सोलून, दाणे पानवाल्याकडच्या चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवले. सकाळी मिक्सरमध्ये वाटल्यावर गोळा होण्याऐवजी सरसरीत लापशी झाली, तव्यावर टाकली ती घावनासारखी पसरली आणि उलटताना फाटली. चुना कमी पडला की जास्त झाला?

लालबागचा_बल्लव :

दादरकर, चुन्याचा दोष नाही, मक्याचा आहे. मंडईत मिळतो तो गोड मका. तो कोवळा असतो, त्यात साखर जास्त आणि पीठ कमी, त्याचे घावनच होणार. भुलेश्वरला किंवा मशीद बंदरला धान्याच्या दुकानात पूर्ण वाळलेला टणक मका मागा. एक किलो मक्याला दहा ग्रॅम विझवलेला चुना आणि तीन लिटर पाणी घ्या. चुना पानवाल्याकडचा नको, कारण त्यात काय काय मिसळलेले असते ते सांगता येत नाही, खाण्यासाठीचा म्हणून विकला जातो तोच आणा. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर पाऊणएक तास उकळा. ॲल्युमिनियमचे भांडे नको, चुना ते खातो. दाणा दाताखाली बाहेरून मऊ आणि आत थोडा कच्चा लागला की गॅस बंद करा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी तळव्यांमध्ये चोळून दोन-तीन पाण्यांतून धुवा. सगळे साल काढण्याचा अट्टहास नको, थोडे राहिले तर गोळा चांगला बांधला जातो. आणि वाटताना मिक्सरमध्ये पाणी ओतू नका. डोशासाठीचा दगडी वेट ग्राइंडर शेजाऱ्यांकडे असेल तर तो मागून आणा, चमच्याचमच्याने पाणी घाला आणि गोळा बोटाला न चिकटेपर्यंत थांबा. मग वहिनींना गोलच थापू द्या.